मोहाखालचा वास



शाळेतले आमचे गुरुजी आम्हाला मराठी शिकवायचे आणि रविवारी नाल्याकाठी हिंडवायचे. एकदा त्यांनी फळ्यावर ‘वास’ एवढाच शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. नाकाला येतो तो, असं सगळ्या वर्गाने सांगितलं. मग त्यांनी खाली लिहिलं : निवास, सहवास, वनवास. वास म्हणजे राहणंसुद्धा. संस्कृतात या दोन वासांचे धातू वेगळे आहेत, हे मला पुष्कळ पुढे कळलं. मराठीत मात्र ते एका शब्दात येऊन राहिले. जंगलात उमेदीची वर्षं काढल्यावर मला खात्री वाटते की जनावरांच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ एकच आहेत. जनावर जिथे राहतं तिथे आपला वास ठेवतं. आणि जिथवर त्याचा वास आहे तिथवर ते राहत असतं, मग त्या घडीला ते स्वतः दोन कोस लांब का असेना. आज मला याबद्दलच बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला मोहाच्या झाडाखाली न्यायचं आहे.

चंद्रपूर जिल्हा, एप्रिलचा पहिला आठवडा, पहाटेचे साडेचार. पुढे एक म्हातारे वनमजूर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मागे मी, आणि आमच्या मागे टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया. झाड तीस-चाळीस पावलांवर असताना मामा थबकले आणि त्यांनी हात आडवा धरला. “थांबा जी.” मी बॅटरी फिरवली, काही दिसलं नाही. कान दिला, फुलं टपटप पडत होती तेवढीच. मामांनी हनुवटी वर केली, दोन-तीनदा बारीक श्वास घेतला आणि म्हणाले, “भात शिजल्यावानी वास येऊन राह्यला. इथं भात कोन शिजवते?”

मला मोहाचा गोड, जड, आंबूस दरवळ तेवढा येत होता. पण त्या दरवळाखाली काहीतरी निराळं होतं, हे त्यांनी सांगितल्यावर जाणवलं. बाया एका शब्दाने न विचारता मागे फिरल्या. उजाडल्यावर आम्ही पुढे गेलो. मोहापासून थोड्या अंतरावर एक ऐनाचं झाड वाटेकडे कललं होतं. त्याच्या खोडाच्या खालच्या अंगाला, माझ्या छातीच्या उंचीवर, ओला पट्टा चमकत होता. बुंध्याशी पाचोळा मागच्या पायांनी खरवडून मागे लोटलेला होता, आणि मोहाखाली चितळांच्या लेंड्या पसरल्या होत्या. वाघ आदल्या रात्री तिथून गेला होता आणि जाताना लिहून गेला होता.

मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळायला लागतात. गवताच्या जेव्हा नुसत्या काड्या उरलेल्या असतात, त्या मार्च-एप्रिलात झाडाखाली रोज सकाळी साखरेने भरलेल्या मांसल फुलांचा ताजा सडा पडतो. चितळ येतं, सांबर येतं, भेकर येतं, अस्वल तर येतंच. वरून वानरं अर्धवट खाऊन टाकतात तेही खालच्यांच्या तोंडी लागतं. हरणांना ओढून आणणाऱ्या जागा जंगलात अशा मुख्यतः तीन : उन्हाळ्यातला पाणवठा, खारट मातीचं चाटण आणि फळाफुलांचा सडा. आपण त्यांच्याकडे खानावळीसारखं पाहतो. कोण आलं, किती खाल्लं, कोणाचा फोटो मिळाला. पण जनावराच्या लेखी या जागा गावच्या चावडीसारख्या आहेत. तिथे खाणं होतं आणि त्याहून जास्त वाचन होतं.

आधी हरणांचंच बघू, कारण त्यांच्या लिहिण्याकडे कोणी लक्ष देत नाही. वाघाने झाडावर फवारा मारला की त्याची बातमी होते. चितळ रोज लिहितं.

चितळाच्या डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात एक खाच असते. ती गंधाची ग्रंथी. दुसरी ग्रंथी मागच्या पायाच्या नळीवर, आणि आणखी खुरांच्या बेचक्यात. म्हणजे चितळ नुसतं चाललं तरी पावलागणिक जमिनीला वास लागतो. मोहाखाली वीस चितळं रात्रभर हिंडली की त्या चटई-दोन चटई जागेत कोण आलं, केव्हा आलं याची वही भरते. हे झालं नकळत. नर मात्र मुद्दाम लिहितो. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात राहून हरणांचा आणि वाघांचा अभ्यास केला. १९६७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात चितळाचा नर मागच्या दोन पायांवर उभा राहून वरच्या फांदीत डोकं आणि शिंगं घासतो, त्याचं वर्णन आहे. पुष्कळांना वाटतं तो पाला खायला उभा राहिला. तो पाला खात नाही. डोळ्यापुढच्या ग्रंथीचा वास तो फांदीला देत असतो, आणि पुढून येणाऱ्या नराला त्या उंचीवरूनही कळतं की लिहिणारा केवढा होता.

सांबर हेच करतं, आणखी जोरात. माजावर आलेला नर चिखलात लोळतो, स्वतःच्या मुतात भिजतो आणि तो चिखल घेऊन झाडांना अंग घासत फिरतो. सांबराच्या गळ्याखाली विणीच्या दिवसांत एक उघडा, लालभडक, ओलसर चट्टा दिसतो. पर्यटक घाबरून सांगत येतात की सांबराला जखम झाली आहे. ती जखम नाही. तीही गंधग्रंथी असावी असं अभ्यासक मानतात. भेकराच्या कपाळावर दोन उभ्या ग्रंथी असतात आणि डोळ्यांपुढच्या खाचा त्याच्या एवढ्याशा तोंडाच्या मानाने चांगल्याच मोठ्या. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्यांचा ढीग करतो. रानकुत्र्यांची विष्ठा वाटांच्या तिठ्यावर सापडते, आणि मूत्र उंच लागावं म्हणून रानकुत्रा पुढच्या दोन पायांवर तोल सावरत मागचं अंग वर उचलतो. एकदा पाहिलं की जन्मात विसरत नाही. अस्वल खोडावर पंजे ओढतं आणि पाठ-कुशी घासतं. सालीत अडकलेले काळे लांब केस बोटाने ओढून पाहा, सुटे येतात.

वाचणं कसं होतं? नर मादीच्या मुताला नाक लावतो, मग मान उंच करून वरचा ओठ मुडपतो आणि क्षणभर तसाच राहतो. गायरानात वळूला असं करताना तुम्ही पाहिलं असेल. टाळूशी, वरच्या बाजूला, वास ओळखणारं एक निराळं इंद्रिय आहे. डेन्मार्कच्या लुडविग जेकबसन यांनी १८१३ साली त्याचं वर्णन केलं. नाकाने जो वास ‘येतो’ तो हवेतला. या इंद्रियाला ओला, जड वास लागतो, आणि तो मुद्दाम आत ओढून घ्यावा लागतो. वाघही तसाच ओठ मुडपतो. भक्ष्य आणि भक्षक, दोघांची वाचनाची तऱ्हा एकच.

आता मीठ. वनस्पतींत सोडियम फार थोडं असतं. वाघ-बिबट्याला ते भक्ष्याच्या रक्तामांसातून मिळतं, चरणाऱ्या जनावराला शोधावं लागतं. कोवळ्या हिरव्या चाऱ्यात पाणी आणि पोटॅशियम भरपूर, त्यामुळे शरीरातलं सोडियम उलट आणखी बाहेर जातं. दूध पाजणाऱ्या माद्यांना आणि दरवर्षी नवी शिंगं वाढवणाऱ्या नरांना खनिजांची गरज जास्त. म्हणून खारट मातीची एखादी दरड पिढ्यान्‌पिढ्या चाटली जाते, इतकी की तिच्यात कोनाडे पडतात. या दरडीवर जे मीठ आहे त्यात मागच्यांच्या मुताचंही मीठ असतं. चाटणारं हरीण मीठ आणि मजकूर एकाच जिभेने घेतं.

शिकाऱ्यांना हे कायम ठाऊक होतं. चाटणाजवळ मचाण बांधायची रीत जुनी आहे. पुढे शिकार बंद झाली आणि त्याच ज्ञानाचा दुसरा उपयोग सुरू झाला : उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ मिठाच्या विटा ठेवणं. हेतू चांगला आहे, मीही ठेवल्या आहेत. पण आता त्याबद्दल मला शंका आहेत, आणि त्या मी पुढे सांगणार आहे.

त्या पहाटेच्या भाताच्या वासाकडे परत येतो.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रतनलाल ब्रह्मचारी नावाचे शास्त्रज्ञ होते. ओडिशात सिमलीपालचे क्षेत्रसंचालक सरोजराज चौधरी यांनी जशीपूरच्या आपल्या घरी खैरी नावाची वाघीण वाढवली होती. १९७४ साली खैरी नदीकाठी ती पिल्लू असताना सापडली, म्हणून तिचं नाव खैरी. हाताएवढ्या अंतरावर राहणारी, बांधलेली नसलेली वाघीण म्हणजे गंधाच्या अभ्यासकाला न मागता मिळालेलं दान. ब्रह्मचारींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं वागणं आणि तिचं लिहिणं बारकाईने पाहिलं. वाघ शेपूट ताठ उभी करून मागे, वरच्या दिशेने जो फवारा मारतो, ते साधं मूत्र नसतं. त्यात स्निग्ध पदार्थ मिसळलेला असतो, आणि अत्तरात चंदनाचं तेल जे काम करतं तेच काम हा स्निग्धांश करतो. वास एकदम उडून जात नाही, थोडा थोडा सुटत राहतो. म्हणून तर आमचा वाघ कललेल्या खोडाची खालची बाजू निवडतो. पाऊस-ऊन तिथे कमी लागतं.

१९९० साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कळवलं की वाघाच्या या फवाऱ्यात टू-ॲसिटाइल-वन-पायरोलिन नावाचं रसायन आहे. बासमतीचा वास तो हाच. आंबेमोहोर शिजताना आळीभर जो घमघमाट सुटतो, त्याच्या मुळाशीही हेच. रसायनशाळेची पायरी न चढलेल्या मामांनी अंधारात नाक वर करून जे सांगितलं, ते कोलकात्यात यंत्रावर आलं होतं. आणि याहून थक्क करणारी गोष्ट अशी की मोहाच्या फुलातही हेच रसायन सापडलं. त्या पहाटे हरणाला बोलावणारा दरवळ आणि वाघाची सही, दोन्हींत एकच धागा होता. मामांनी त्यातून वाघ वेगळा काढला. कसा काढला, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. “फुलाचा वास गोड लागते, त्याचा वास भरल्या पोटाचा लागते,” एवढंच ते म्हणायचे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की यावर सगळ्यांचं एकमत नाही. २००८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी वाघाच्या फवाऱ्याची कसून तपासणी केली. त्यांना शंभराच्या आसपास उडणारी द्रव्यं ओळखता आली, पण भाताचं ते रसायन सापडलं नाही. नमुने कुठले, किती ताजे, कसे साठवलेले, वाघ काय खाऊन होता, या सगळ्यांवर असा निकाल अवलंबून असतो. हा प्रश्न प्रयोगशाळेतच सुटेल. माझ्या नाकाची साक्ष ब्रह्मचारींच्या बाजूने आहे, आणि साक्ष म्हणूनच ती धरावी.

वाघ हे लिहितो कोणासाठी? मुख्यतः दुसऱ्या वाघासाठी. नेपाळमधल्या चितवनच्या जंगलात स्मिथ, मॅकडूगल आणि मिक्वेल यांनी केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. दोन वाघांची हद्द जिथे भिडते तिथे खुणा दाट असतात आणि नव्याने जागा धरणारा वाघ जास्त लिहितो, असं त्यांना दिसलं. मग मोहाजवळ का? कारण वाटा तिथे येऊन मिळतात. हरणांच्या वाटा झाडाकडे येतात, त्यांच्यामागे वाघाची वाट, आणि वाघ आपल्या नेहमीच्या वाटेवरचंच झाड निवडतो.

मग हरणं ते वाचून पळून का जात नाहीत? ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी दत्ता यांनी १९७९ सालीच वाघाची रासायनिक खूण म्हणून फेनिलइथिलअमाइनची नोंद केली होती. पुढे २०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ३८ जातींच्या सस्तन प्राण्यांचं मूत्र तपासलं, तेव्हा हे द्रव्य मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात कितीतरी जास्त निघालं, आणि उंदीर-घुशी त्यापासून लांब सरकल्या. म्हणजे भीतीचाही एक रेणू आहे. पण मोहाखाली मी पाहिलं ते असं : चितळांचा कळप येतो, पुढची मादी कललेल्या ऐनाजवळ थांबते, वास घेते, पाय आपटते. कळप फुलांकडे जातोच, फक्त दुसऱ्या अंगाने जातो, आणि खाताना माना जास्त वेळा वर होतात. भूक आणि भीती यांचा हिशेब ती तिथल्या तिथे करते. त्या हिशेबासाठी तिला खूण ताजी की शिळी हे कळावं लागतं, आणि ते कळण्यासाठी खूण जागेवर असावी लागते.

माझ्या शंका इथून सुरू होतात. पहिली गोष्ट त्या मिठाच्या विटांची.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर विणीच्या हंगामात जमीन खुरांनी उकरतो, वरच्या फांदीचं टोक तोंडात धरतो, कपाळ घासतो आणि मागच्या पायांच्या ग्रंथींवरून मूत्र सोडत त्या उकरलेल्या मातीवर उभा राहतो. एकाच जागी अनेक नर येतात, माद्याही येतात. शिकारी तिथे मका टाकतात, खनिजांचे ठोकळे ठेवतात, हरणाचं मूत्र बाटलीत विकत घेऊन शिंपडतात. या आमिषाच्या जागांवर मोठं संकट आलं. १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये प्रथम दिसलेला एक असाध्य रोग आता त्या देशात दूरवर पसरला आहे. त्यात मेंदू झिजतो, जनावर हाडकतं आणि मरतं. रोगाचं कारण असलेली विकृत प्रथिनं लाळेतून, मुतातून, विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीला चिकटून वर्षानुवर्षं टिकतात. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२ साली सापडला. तिथल्या ११ खनिज-चाटणांची तपासणी झाली, तेव्हा ९ ठिकाणी ही प्रथिनं आढळली. नॉर्वेत २०१६ साली रानटी रेनडिअरमध्ये हाच रोग सापडला आणि नोर्डफेल्लातला सुमारे २००० जनावरांचा अख्खा कळप मारावा लागला. तिथे मेंढ्यांसाठी डोंगरावर ठेवलेल्या मिठाच्या चाटणांवर रेनडिअर जमत होते, हेही संशयाचं एक कारण ठरलं.

हा रोग आपल्याकडे आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की चाटण ही हजार जिभांची जागा आहे. निसर्गात ती असते तिथे असते, दूर दूर, थोडी थोडी. आपण पाणवठ्याच्या काठावर वीट ठेवतो तेव्हा गावच्या गुरांच्या आणि रानातल्या सांबरांच्या जिभा एका दगडावर आणतो, आणि बिबट्यालाही पत्ता देतो. हे मला पूर्वी सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट २०१८ सालची, यवतमाळ जिल्ह्यातली. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणायचे, तिला शोधताना एक परदेशी अत्तर रानात शिंपडलं गेलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली चित्त्यांपुढे निरनिराळी अत्तरं ठेवून पाहिली होती, त्यांत हे सगळ्यांत जास्त वेळ हुंगलं गेलं. त्यात जवादी मांजराच्या गंधाची कृत्रिम नक्कल असते. २ नोव्हेंबरला ती वाघीण गोळी लागून मेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता आणि तिच्यामागे दोन पिल्लं होती. त्या घटनेतल्या बऱ्यावाईटाचा निवाडा करायला मी इथे उभा नाही. माझ्या मनात राहिलं ते एवढंच की वाघिणीशी बोलायची वेळ आली तेव्हा आपल्याजवळ बाटलीतला शब्द होता. तिच्या हद्दीतली कोणती झाडं तिने किती वर्षं लिहिली, हे ज्यांना ठाऊक होतं ते गुराखी, त्या बाया, ते मजूर, यांना कोणी खोदून विचारलं का, हे मला शोधूनही सापडलं नाही.

तिसरी गोष्ट दरवर्षी घडते. फेब्रुवारी-मार्चात मोहाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फुलं नीट दिसतात आणि भराभर वेचता येतात. वेचणाऱ्यांना दोष देणं मला जमणार नाही. त्या पंधरा-वीस दिवसांच्या कमाईवर घरातलं तेल-मीठ, मुलांची वह्या-पुस्तकं चालतात. पण त्या आगीत बुंध्याची साल भाजते, खरवडलेल्या खुणा जातात, लेंड्या जातात. सगळी चावडी पुसली जाते. दुसऱ्या पहाटे हरीण येतं, माणूस येतो आणि वाघ येतो, तिघांपैकी कोणालाच बाकीच्या दोघांचा पत्ता नसतो. वेचणारी बाई कमरेत वाकलेली असते. अंधारात वाकलेलं माणूस चार पायांवरच्या जनावरासारखं दिसतं. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात माणसं मरतात, ती बहुतेकदा याच घडीला, याच अवस्थेत.

झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधून फुलं झेलण्याचे प्रयोग झाले आहेत. ते चांगले आहेत, कारण मग जाळावं लागत नाही, वाकावं लागत नाही आणि उजाडेपर्यंत थांबता येतं. ज्या गावांत हे सुरू झालं तिथल्या बायांशी मी बोललो. जाळीला पैसे लागतात, आणि झाड कोणाचं यावरून भांडणं होतात, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि ग्रामसभेत बसून सोडवाव्या लागतील.

मामा आता नाहीत. त्यांच्याबरोबर फिरताना मी एका वहीत झाडं लिहून ठेवायचो : कोणतं झाड, कोणत्या मोहापासून किती पावलं, कोणत्या अंगाला कललेलं, कोणी लिहिलं, वास किती दिवस टिकला. ऐन, बीजा, धावडा, एक म्हातारी कुसुम. एकूण ४१ झाडं आहेत. ही वही मी आज इथल्या ग्रंथालयात देतो आहे. त्यातली निदान सहा झाडं आता नाहीत. पहिल्या पानावरचा तो कललेला ऐनही रस्ता रुंद करताना गेला, आणि गेल्या एप्रिलात मी तिथे उभा राहिलो तेव्हा मोह तसाच फुललेला होता. वाघ हल्ली कोणत्या झाडावर लिहितो ते मला अजून सापडलेलं नाही. वहीच्या मागच्या बाजूला पुष्कळ पानं कोरी आहेत. ज्यांना माझ्याबरोबर यायचं असेल त्यांनी मोह फुलायच्या आत, फेब्रुवारीतच भेटावं. अंगाला अत्तर, साबण, विडी यांचा वास नसावा.